पावसाळी ट्रेक आणि ओले शूज: चालायचं कसं, सुकवायचे कसे, आणि टाकायचे कधी

जून लागला की मला हमखास एक मेसेज येतो, "दादा पहिल्यांदाच ट्रेकला चाललोय, वॉटरप्रूफ शूज कुठले घेऊ?" आणि मी दरवर्षी तेच सांगतो की बाबा रे, जुलैत सह्याद्रीत पाय कोरडे राहतील असे शूज अजून कोणी बनवलेले नाहीत. पाणी काय सोलमधून येत नाही, ते रेनकोटवरून पँटवर, पँटवरून सॉक्समध्ये आणि सॉक्समधून निवांत शूजच्या आत उतरतं. आणि पहिला ओढा लागला, पाणी घोट्याच्या वर गेलं, की संपला विषय.

त्यात वॉटरप्रूफ शूजची गंमत अशी की त्यांच्या आत गोअर-टेक्ससारखा एक पातळ पडदा असतो, त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. छान. पण वरून एकदा पाणी आत शिरलं की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही, मग तुम्ही दोन छोट्या बादल्या पायात घालून चालताय असं समजा. आणि बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असताना आतली वाफ तरी जाणार कुठे? म्हणून पावसाळ्यासाठी माझं मत साधं जाळीवाल्या शूजच्या बाजूने आहे, पाणी जसं आत येतं तसं चार पावलांत पचपच करत बाहेरही जातं. वॉटरप्रूफ हिमालयासाठी ठेवा.

म्हणजे पाय ओले होणार हे धरूनच चालायचं, आणि डोकं लावायचं ते बाकी तीन गोष्टींत: ओल्या पायाला फोड येऊ न देणं, सोलची पकड, आणि सोल चिकटवणारा गोंद. हा गोंद मला राजमाची किल्ल्याने शिकवला. उधेवाडीतून कोंदिवड्याकडे उतरताना, कोंढाणे लेण्यांच्या जरा वरच्या जंगलात, माझ्या उजव्या शूजचा सोल टाचेकडून सुटला आणि मगरीच्या जबड्यासारखा उघडझाप करायला लागला, अर्ध्या तासात डाव्यानेही तेच केलं. शूज फक्त सात-आठ ट्रेक झालेले, दिसायला नवेकोरे, पण चार वर्षं पॉलिथिनच्या पिशवीत बांधून माळ्यावर पडलेले. सुतळीने बांधून, दर दहा मिनिटांनी ती सुतळी परत बांधत मी कर्जत गाठलं. तर तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं, क्रमाने.

मे महिन्यात घरी बसून करायची तपासणी

ही मेमध्येच करायची, शुक्रवारी रात्री बॅग भरताना नाही, कारण तेव्हा काही सापडलं तरी तुम्ही "जाऊ दे रे एवढा ट्रेक काढू" म्हणणार, मी पण म्हटलंय.

शूज हातात घेऊन चवड्यापाशी जोरात वाकवा आणि सोल आणि वरचा भाग जिथे जुळतो ती कड सगळीकडून बघा. लोकलचं जुनं तिकीट घ्या आणि त्या जोडात सरकवून बघा, पुढे बोटांपाशी आणि मागे टाचेपाशी जास्त नीट. तिकीट आत शिरलं म्हणजे पाणी आणि चिखल पण शिरणार, आणि पुढचे दोन ट्रेक ती फट फक्त वाढत जाणार.

मग मिडसोल, म्हणजे खालचं काळं रबर आणि तुमचा पाय यांच्यामधला तो फोमचा थर. बाजूने अंगठ्याने दाबा. दबून परत वर आला तर ठीक. दगडासारखा लागला, किंवा आडव्या सुरकुत्या पडून तशाच राहिल्यात, तर त्याचा दम संपलाय, उतरताना सगळा मार गुडघ्याला बसेल. आणि दाबल्यावर भुगा पडला किंवा बारीक तडे दिसले तर पुढचं वाचायचीही गरज नाही, टाकून द्या.

हा भुगा का होतो ते समजून घ्या कारण मुंबईकरांचे शूज बहुतेक यानेच जातात. जडशीळ, चामड्याच्या बुटांचा मिडसोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, थोडक्यात पीयू. हवेतला दमटपणा पीयूच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतो, तुम्ही शूज घाला किंवा न घाला, पिशवीत बांधून ठेवले तर आत अडकलेल्या ओलीने अजून लवकर. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा अशी की डब्यातलं मीठ ओलं होतं, मग शूजचं काय घेऊन बसलात. हलक्या, स्वस्त शूजमध्ये बहुतेक ईव्हीए नावाचा फोम असतो, त्याचा असा भुगा होत नाही, तो फक्त चेपत जातो. म्हणजे महागडा बूट माळ्यावर जपून ठेवणारा माणूस जास्त फसतो, हे जरा विचित्र आहे पण आहे.

आता पकड. सोलखालचे खवले किती उरलेत बघा, नवीन असताना चार-पाच मिलिमीटर असतात, चवड्याखाली आणि टाचेच्या बाहेरच्या कडेला ते रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढे उरले असतील तर पावसाळ्यात ते शूज नकोत. पण खवले असून उपयोग नाही जर रबरच कडक झालं असेल. माझी पद्धत अशी, बाथरूमच्या टाइल्स ओल्या करायच्या, भिंतीला हात धरून उभं राहायचं आणि एक पाय हळूच पुढे ढकलायचा. रबर अडलं, किरकिरलं तर जिवंत आहे. साबणाच्या वडीसारखं सरकलं तर तेच कलावंतीण दुर्गाच्या पायऱ्यांवर होणार. आपला कातळ बेसॉल्टचा, कोरडा असताना मस्त पकडतो, पण जुलैत त्यावर जो काळपट हिरवा थर बसतो त्यावर चांगल्या शूजचीही भंबेरी उडते, तिथे कडक रबर घालून जाणं म्हणजे मुद्दाम मस्ती.

शेवटी शूज टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कलली असेल तर घोटा पण तिकडेच कलणार.

सॉक्स आणि पाय, आदल्या रात्री

कॉटनचे सॉक्स नकोत. शाळेतले, ऑफिसातले, कुठलेच. कॉटन पाणी पितं, जड होतं, गोळा होतं आणि मग टाचेला किसणी लावल्यासारखं घासतं. सिंथेटिक घ्या किंवा लोकर मिसळलेले, ओले झाले तरी अंगाबरोबर राहतात. तीन जोड: एक पायात, एक झिपवाल्या पिशवीत दुपारसाठी, आणि एक परतीच्या ट्रेनसाठी ज्याला कुठल्याही परिस्थितीत हात लावायचा नाही.

नखं कापा, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटून अंगठ्याचं नख काळंनिळं होईल. सकाळी शूज घालायच्या आधी पाय पूर्ण कोरडे असताना टाचेला आणि जिथे तुम्हाला नेहमी घासतं तिथे कापडी चिकटपट्टी लावा, मेडिकलमध्ये मिळते ती रुंद, कागदी नको, ती पहिल्या ओढ्यात वाहून जाते. बोटांच्या मधे आणि तळव्याला व्हॅसलीनचा पातळ हात. चिकटपट्टी आधी, व्हॅसलीन नंतर, उलटं केलं तर पट्टी चिकटणारच नाही, मी हे का सांगतोय ते कळलंच असेल.

डोंगरात

सुरुवातीला लोक गावातल्या डबक्यांवरून उड्या मारत, कडेकडेने, झुडपं धरून चालतात, शूज ओले होऊ नयेत म्हणून. कशासाठी? पाऊण तासात ते भिजणारच आहेत आणि त्या उड्यांमध्येच पाय मुरगळतो. सरळ पाण्यातून चाला, फक्त तळ दिसतोय ना बघा.

भिजल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून लेस परत बांधा, कारण ओलं कापड सैल होतं आणि पाय आत हलायला लागतो, आणि फोड हलण्यामुळे येतात, ओलं असण्याने नुसते येत नाहीत. ओली कातडी मऊ पडते, त्यात घर्षण, मग झालंच. उतरायच्या आधी तर घोट्यापाशी लेस घट्ट करायचीच, बोटांपाशी थोडी सैल. लेसचं टोक आत खोचा, करवंदीच्या जाळीत अडकतं.

कुठे चटका लागल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं, ग्रुप पुढे गेला तरी थांबायचं. लाज वाटते मान्य आहे, पण पाच मिनिटांचं काम आहे, पाय पुसा, पट्टी लावा, चला. "वर जाऊन बघू" म्हटलं की वर फुटलेला फोडच बघायला मिळतो.

जेवायला थांबाल तेव्हा शूज-सॉक्स दोन्ही काढा. सॉक्स पिळा, सुखतळा म्हणजे आतला इनसोल बाहेर काढून पिळा, शूज उलटे ठेवा, पाय उघडे. तळवे पांढरेफटक आणि सुरकुतलेले दिसतील, घाबरू नका, वीस मिनिटं हवा लागली की ठिकाणावर येतात. मग दुसरा जोड घाला. हो, तोही पाच मिनिटांत ओला होणार आहे, तरीही घाला, त्यात चिखल आणि वाळू नसते आणि खरं नुकसान ती वाळूच करते. गावात कोणाकडे जेवत असाल तर शूज पडवीच्या कडेला ठेवा पण पागोळ्यांखाली नको (मी ठेवलेत), आणि मावशी कितीही प्रेमाने म्हणाल्या "आणा, चुलीपाशी ठेवते" तरी नको म्हणा. चुलीच्या धगीने गोंद मऊ होतो, वरून सुकल्यासारखं वाटतं आणि उतरताना सोल हातात येतो.

ओढा ओलांडताना शूज काढून हातात घेणारे खूप दिसतात. काढू नका. अनवाणी पाय गोट्यांवर सटकतो, फटीत अडकतो, आणि एक हात शूज धरण्यात गेलेला असतो. पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ असेल किंवा जोर वाटत असेल तर ओलांडायचंच नाही, मागे फिरायचं किंवा ओसरायची वाट बघायची. ओल्या कातळावर पाऊल सबंध टेकवा, छोटी पावलं, टाचेवर जोर देऊन उतरू नका. बाकी गावातली पोरं प्लास्टिकच्या पावसाळी बुटांत आपल्या पुढे पळत जातात, ते बघून आपल्या पाच हजारांच्या शूजचा फार अभिमान बाळगू नये.

सोल सुटलाच तर? बॅगेत कायम दोन मीटर सुतळी किंवा जुनी लेस आणि चार-पाच प्लास्टिकचे केबल टाय ठेवा. टाय चवड्यावरून आणि सोलखालून खवल्यांच्या खाचेत बसेल असा ओढायचा, गाठ वरच्या बाजूला. फेविक्विक ओल्यात धरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

परतीची लोकल

कर्जत किंवा आसनगावला ट्रेनमध्ये चढायच्या आधी पाय धुवा, पुसा, तिसरा जोड किंवा सरळ चप्पल घाला, शूज पिशवीत. घरी पोचल्यावर ती पिशवी आंघोळीच्या आधी उघडायची. मी एकदा रविवारी रात्री विसरलो आणि बुधवारी आईने "हा वास कसला रे" म्हणत शोध लावला, त्यानंतर आमच्याकडे हा नियमच आहे.

अजून एक. पायाला फुटलेला फोड किंवा खरचटलेलं असेल आणि नेमकं त्या दिवशी कुर्ला नाहीतर हिंदमाताला पाणी भरलेलं असेल तर त्यातून चालणं टाळा, थांबा, उशीर होऊ दे. रस्त्यावरच्या त्या पाण्यात उंदराचं मूत असतं आणि लेप्टो, म्हणजे त्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, जखमेतून सहज शिरतो. चालावंच लागलं तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा, महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते, गोळी कुठली आणि किती ते डॉक्टर ठरवतील, मित्राला विचारून घेऊ नका.

बोटांच्या बेचक्यात खाज, कातडी ओली पांढरी होऊन सोलतेय, म्हणजे चिखल्या. आठवडाभर पाय कोरडे ठेवून आणि केमिस्टकडची बुरशीवरची पावडर लावून बहुतेकदा जातात. डायबेटिस असेल तर घरी प्रयोग नको, सरळ दाखवा.

सुकवणं, म्हणजे खरी परीक्षा

आमचं घर भांडुपला वन आरके, गॅलरी नाही, खिडकीच्या ग्रिलला काही टांगलं की पाऊस तिरका येऊन परत भिजवतो, तेव्हा "उन्हात ठेवा" वगैरे सल्ले आपल्या कामाचे नाहीत, आणि तसंही कडक ऊन गोंदाला वाईटच.

आधी लेस आणि सुखतळा बाहेर काढा. साध्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने चिखल काढा, खवल्यांमधला पण. चिखल सुकला की चामडं आणि कापडातला ओलावा शोषून त्याला तडे पाडतो. वॉशिंग मशीन नको, सर्फ नको, फारच घाण असेल तर अंगाचा साबण थोडासा.

मग रद्दी. वर्तमानपत्राचे बोळे करून बोटांपर्यंत ठासून भरा, पण शूज फुगेपर्यंत नको. आणि इथे सगळे चुकतात, कागद एकदा भरतात आणि सकाळी बघतात. एकदा ओला झालेला कागद आत ओलच धरून ठेवतो. पहिला कागद तासाभरात काढा, चिंब असतो. दुसरा झोपायच्या आधी, तिसरा सकाळी. त्यानंतर कागद बंद, फक्त हवा. टेबल फॅन असेल तर शूजची तोंडं त्याच्याकडे करून आडवे ठेवा, नसेल तर सिलिंग फॅनखाली खुर्चीवर, जमिनीवर नको कारण लादी गार आणि दमट असते. फ्रिजच्या ज्या बाजूला हाताला कोमट लागतं तिथेही छान सुकतात, आईची परवानगी असेल तर. हेअर ड्रायर, गिझर, इस्त्री, गॅस, काही नाही. जाळीवाले शूज दोन दिवसांत होतात, चामड्याचे चार-पाच दिवसही घेतात. दर शनिवारी ट्रेक करणाऱ्याने चामड्याच्या नादी लागूच नये असं मला म्हणूनच वाटतं, शुक्रवारपर्यंत आत ओल असते.

पांढरी बुरशी आली तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्या फडक्याने पुसा आणि परत सुकवा. वासासाठी जुन्या सॉक्समध्ये खायचा सोडा भरून गाठ मारून रात्रभर आत.

सीझन संपल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, सावलीत दोन दिवस पूर्ण सुकवून मग ठेवा. पिशवीत नाही, माळ्यावर नाही, हवा लागेल अशा जागी कागद भरून. आणि महिन्यातून एकदा घालून भाजी आणायला जा.

दुरुस्त की नवीन?

आकड्यांत बोलणारे सांगतात की ट्रेकिंग शूज पाचशे ते आठशे किलोमीटर चालतात. आता हिशोब करा, महिन्याला एक ट्रेक, दहा-बारा किलोमीटरचा, म्हणजे वर्षाला सव्वाशे-दीडशे किलोमीटर. या हिशोबाने शूज पाच वर्षं जायला पाहिजेत, पण मुंबईत त्याआधी गोंद आणि फोम जातो. म्हणून किलोमीटर मोजत बसू नका, वरची तपासणी करा.

स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांवर माझा पूर्ण विश्वास आहे. सोल एका बाजूने सुटलाय पण फोम धड आहे, तर सोल्युशन लावून चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या, मागच्या वेळी मी दोनशे रुपये दिले आणि ते शूज अजून दोन पावसाळे गेले. वॉटरप्रूफ शूजला मात्र शिलाई मारली की ते वॉटरप्रूफ राहत नाहीत, तसे ते होतेच कुठे म्हणा. टाचेच्या आतलं अस्तर फाटून भोक पडलंय तर चामड्याचा तुकडा लावून मिळतो, भोक लहान असतानाच जा. लेस, सुखतळा या गोष्टी बदलायच्याच असतात, त्यासाठी शूज टाकू नका.

पण राजमाचीवाले माझे शूज घेऊन गेलो तेव्हा काकांनी फोम नखाने खरवडला, भुगा फुंकर मारून उडवला आणि म्हणाले, "दादा, टाका कशात मारू?" तसं झालं की संपलं. रबर कडक झालं तरी संपलं, त्यावर कोणाकडे औषध नाही. मागची टाच धरणारी कडक बाजू मोडून मऊ पडली, किंवा चिकटवलेला सोल दुसऱ्यांदा सुटला, तरीही. आणि एका शूजचा सोल सुटला असेल तर दुसरा धड दिसतो म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका, दोघं एकाच दिवशी एकाच डब्यातून आलेत.

जिथे मला अजूनही ठरवता येत नाही ते म्हणजे मधले शूज: फोम थोडा चेपलाय, खवले निम्मे उरलेत, बाकी ठणठणीत. मी त्यांना लोहगड, कान्हेरी अशा सोप्या वाटांना लावतो, जिथे वाटेत मोडले तरी तासाभरात रस्ता सापडतो. गोरखगडाच्या कोरीव पायऱ्या किंवा भीमाशंकरची शिडी घाटाची वाट असेल तर नाही.

नवीन घेताना

संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकचे सॉक्स घालूनच ट्राय करा. पुढे अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, आणि दुकानात जिना किंवा उतार असेल तर उतरून बघा, बोटं आपटली तर एक नंबर मोठा. दुकानातल्या मुलाला उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा, बॉक्सवर किंवा जिभेच्या आतल्या लेबलवर असतं, सेलमधला "नवीन" जोड तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला असू शकतो आणि भुग्याचं घड्याळ तेव्हापासूनच चालू असतं. सुरुवातीला भारी काही लागत नाही, ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग शूजवर अर्ध्या महाराष्ट्राने किल्ले बघितलेत.

घेतल्यावर थेट कळसूबाई नको. आठवडाभर ऑफिसला घाला, मग एकदा पावसात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन या, मुद्दाम भिजवा. कुठे घासतं, लेस ओली झाल्यावर किती सुटते, सुकायला किती दिवस लागतात, सगळं कळतं, आणि नाहीच जमलं तर परत यायला बस आहे.

आणि जुने टाकताना लेस काढून घ्यायला विसरू नका, त्याच बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाका.